मदत हवी आहे : जिनिंगआधी कापसातला कचरा काढायला कोणतं मशीन?

मी मुंबईत असतो. वणीजवळ चुलतभावाचं छोटं जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) आहे, सरकी काढणारी चार डबल रोलर जिन मशीनं. कापूस हातवेचणीचाच, तरी रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, कचरा दिसतो आणि भाव पडतो. जाळीच्या टेबलावर निवडून पाहिलं, मजुरी परवडेना. ओल नाही, मीटरवर ८ टक्क्यांच्या आसपास. जुना खिळ्यांच्या सिलिंडरचा प्री-क्लीनर लावला. पत्ती, माती जाळीतून खाली पडते, पण बोंडांची टरफलं आणि काड्या तशाच पुढे जातात. वेग वाढवला तर कापसाला पीळ बसतो, म्हणून तो नाद सोडला.

आता सिलिंडर वाढवावेत, की करवती दात्यांचा काडी काढणारा एक्स्ट्रॅक्टर घ्यावा? त्यात चांगला कापूस किती वाया जातो? माटुंग्याला सिरकॉटमध्ये (कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था) जाणारच आहे, तिथे नमुना किती न्यावा लागतो?