शब्दचर्चा : छळ, तक्रार, फिर्याद आणि वाच्यता

'अत्याचार वाढले' आणि 'अत्याचारांच्या नोंदी वाढल्या' ही विधाने अनेकदा एकाच अर्थाने लिहिली जातात. हा फरक पुसला जाणे मला अत्यंत घातक वाटते. कृत्य घडते तेव्हाच त्याची नोंद होते असे नाही. सोसणाऱ्याजवळ त्या कृत्यासाठी शब्द असावा लागतो आणि ऐकून घेणारे कोणी तरी असावे लागते. मुलांना होणारी मारहाण दीर्घकाळ 'शिस्त', 'धाक', 'वळण लावणे' या शब्दांआड दडली होती. 1962 साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या दुखापतींचे वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केले, त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेच्या सर्व राज्यांत अशा प्रकरणांची माहिती देण्याविषयीचे कायदे झाले आणि नोंदी वाढत गेल्या. तेवढ्यावरून पालक एकाएकी क्रूर झाले असा निष्कर्ष काढता येणार नाही.

'छळ' या शब्दाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. संस्कृतातील 'छल' म्हणजे कपट. मराठीत मात्र सतत दिला जाणारा जाच हा अर्थ रूढ झाला, आणि त्यामुळे 'एकदाच घडले, मग तो छळ कसा?' असा प्रश्न अधिकारपदावरील व्यक्ती सहज विचारू शकते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2019 च्या 190 क्रमांकाच्या करारात कामाच्या जागी एकदाच घडलेले वर्तनही हिंसा व छळाच्या व्याख्येत येते. आपणही 'छळ' हा शब्द त्या व्यापक अर्थाने वापरू लागले पाहिजे.

'फिर्याद' फारसीतून आली. तिच्या मुळाशी मदतीसाठीचा आक्रोश आहे. 'तक्रार' अरबीतून आली. तिचा मूळ अर्थ पुनरुक्ती. 'तक्रारखोर' या शब्दाने बोलणाऱ्यालाच दोष चिकटतो, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच हाती निर्णय असला, तर हा एक शब्द तोंड बंद करायला पुरतो.

'वाच्यता' मात्र पीडित व्यक्तीच्या संदर्भात वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गुप्त राहायला हवे होते ते उघड केले, अशी छटा त्यात असते. 'तिने वाच्यता केली' याऐवजी 'तिने सांगितले' किंवा 'तिने फिर्याद दिली' असे लिहावे.