एफईओएफची अट लावूनही शेवटची नोंद दोनदा का मोजली जाते?

पंचवटीकर (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमध्ये संगणक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. निफाड तालुक्यातल्या माझ्या मामांचा कांदा लासलगावला आणि कधी पिंपळगावला लिलावाला जातो. त्या पट्ट्यांचा (विक्रीच्या पावत्यांचा) हिशोब ठेवण्यासाठी मी सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. फाइलच्या प्रत्येक ओळीत तारीख, बाजार, क्विंटल आणि भाव ही माहिती मध्ये जागा सोडून लिहिलेली असते. वाचताना मी व्हाइलच्या (फेऱ्या घेणाऱ्या लूपच्या) अटीत ‘एफईओएफ (फाइलचा शेवट झाला का ते सांगणारे फंक्शन) खरे होत नाही तोपर्यंत’ असे घातले असून आत एफस्कॅनएफ या वाचणाऱ्या फंक्शनने सर्व आकडे घेऊन बेरीज करतो.

परवा तीन नोंदी घातल्या: २२.४ क्विंटल १४१० रुपयांनी, १९.६ क्विंटल १३७५ रुपयांनी आणि २०.५ क्विंटल १४६० रुपयांनी. एकूण ८८,४६४ रुपये यायला हवे होते, आले १,१८,३९४. फरक बरोबर शेवटच्या नोंदीएवढा आहे. कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की याच तीन ओळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोटपॅडमध्ये हाताने टाइप केल्या होत्या, तेव्हा बेरीज अचूक आली होती. घरी प्रोग्रॅमनेच लिहिलेली फाइल वाचली, की चूक होते. शिवाय बाजाराच्या जागी ‘पिंपळगाव बसवंत’ लिहिले, की प्रोग्रॅम अडकून बसतो आणि बंदच करावा लागतो. मामा म्हणतात, त्यापेक्षा वही बरी.

सातपूरकर

तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. एफईओएफ पुढे काय आहे हे सांगत नाही. मागच्या वाचनात फाइलचा शेवट लागला होता का, एवढेच ते सांगते. प्रोग्रॅमने लिहिलेल्या फाइलमध्ये १४६० नंतर नवीन ओळीची खूण असते. एफस्कॅनएफ १४६० वाचते, त्या खुणेपाशी थांबते, आणि शेवट अजून पाहिलाच नसल्यामुळे एफईओएफ ‘नाही’ म्हणते. त्यामुळे आणखी एक फेरी होते, तीत एफस्कॅनएफला काहीच मिळत नाही, पण तुमच्या चलांमध्ये (व्हेरिएबल्समध्ये) जुनी २०.५ आणि १४६० तशीच पडून असतात आणि तीच पुन्हा बेरजेत जातात. प्रयोगशाळेत तुम्ही शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबला नसणार. तेव्हा १४६० चे अंक वाचतानाच शेवट लागला, एफईओएफ लगेच खरे झाले आणि उत्तर बरोबर आले. म्हणजे तिथे प्रोग्रॅम बरोबर नव्हता, फाइलने त्याला सांभाळून घेतले. माझ्या मते असा प्रोग्रॅम उघड चुकणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा.

आता अडकण्याविषयी. एफस्कॅनएफमध्ये शब्द वाचण्यासाठी असलेली पर्सेंट-एस ही खूण मोकळी जागा आली की थांबते, त्यामुळे ‘पिंपळगाव’ बाजाराच्या नावात गेले आणि क्विंटलच्या जागी ‘बसवंत’ आले. तारीख तुम्ही तीन पूर्णांकांनी वाचत असाल, तर पुढच्या फेरीत दिवसाच्या जागी तेच ‘बसवंत’ पुन्हा समोर येते. एफस्कॅनएफ शून्य परत करते आणि ते अक्षर तिथेच सोडते. पुढे सरकतच नाही, मग शेवट कुठून येणार?

एफस्कॅनएफ किती गोष्टी यशस्वीपणे वाचल्या तो आकडा परत करते, आणि तुम्ही तोच फेकून देत आहात. दिवस, महिना, वर्ष, बाजार, क्विंटल, भाव असे सहा मिळाले तरच फेरी चालू राहावी, ही अट व्हाइलमध्ये घाला. एफईओएफ विचारायचेच असेल, तर फेरी संपल्यानंतर, ‘शेवट आला म्हणून थांबलो की बिघाडामुळे’ हे कळण्यासाठी विचारा.

गंगापूर रोड

वरील उत्तर बरोबर आहे, परंतु ते जसेच्या तसे केल्यास ‘पिंपळगाव बसवंत’ची ओळ आली, की प्रोग्रॅम अडकण्याऐवजी तिथेच थांबेल आणि खालच्या नोंदी वाचल्याच जाणार नाहीत. मी अशा ठिकाणी एफगेट्सने पूर्ण ओळ उचलतो आणि नंतर एसस्कॅनएफने तिचे तुकडे करतो. एखादी ओळ बिघडली, तरी बिघाड त्या ओळीपुरताच राहतो. नोंदींमध्ये मोकळ्या जागेऐवजी स्वल्पविराम ठेवा आणि बाजाराचे नाव ‘स्वल्पविराम येईपर्यंत’ वाचा.

नावासाठी किती जागा ठेवली आहे, तेही पाहा. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा अनुस्वार, तीन बाइट घेते. ‘लासलगाव’ सात चिन्हांचे, म्हणून २१ बाइट. ‘पिंपळगाव बसवंत’ तेरा चिन्हांचे आणि मधली एक जागा, म्हणजे ४० बाइट, आणि मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठी आणखी एक. नावासाठी ४० बाइटचा ॲरे करून वाचनाची मर्यादा ३९ ठेवली, तर ‘त’चा तिसरा बाइट बाहेर राहतो, स्वल्पविरामाच्या जागी तो सापडतो आणि सहाऐवजी चारच गोष्टी वाचल्या जातात. मी स्वतः यात एक संध्याकाळ घालवली आहे. सरळ १०० ठेवा.

पंचवटीकर

दोघांचेही आभार. प्रयोगशाळेतली फाइल उघडून पाहिली, शेवटी खरोखरच एंटर नव्हता. एक शंका राहिली. काल प्रोग्रॅम अडकण्याआधी मी दोन नवीन नोंदी एफप्रिंटएफने लिहिल्या होत्या. कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम बंद केल्यावर त्या फाइलमध्ये नव्हत्याच. फाइल ‘ए’ (शेवटी भर घालणाऱ्या) मोडमध्ये उघडली होती, त्यामुळे जुने काही पुसले गेले नाही.

अंबडचा जुना

एफप्रिंटएफ लिहिलेले लगेच फाइलमध्ये टाकत नाही. सीची लायब्ररी ते आधी स्वतःच्या बफरमध्ये (स्मृतीतल्या तात्पुरत्या जागेत) साठवते आणि बफर भरला, एफफ्लशने तो तिथल्या तिथे रिकामा केला किंवा फाइल एफक्लोजने बंद केली, की ऑपरेटिंग सिस्टिमकडे देते. प्रोग्रॅम नीट संपला तर हे आपोआप होते, कंट्रोल-सीने मारला तर होत नाही. तुमच्या दोन नोंदी बफरमध्येच गेल्या. प्रत्येक नोंदीनंतर एफफ्लश करा. दिवसाकाठी दहा-वीस पट्ट्यांना त्याचा भार जाणवणारही नाही.

वीज जाण्याचा प्रश्न मात्र याने पूर्ण सुटत नाही, कारण एफफ्लशनंतरही मजकूर काही काळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्मृतीत राहू शकतो. मी ज्या कारखान्यात होतो, तिथे वजनाच्या नोंदींची फाइल दर संध्याकाळी ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडून नव्याने लिहिली जात असे. हा मोड उघडताक्षणीच फाइल रिकामी करतो. एकदा नेमकी त्याच वेळी वीज गेली आणि सकाळी शून्य बाइटची फाइल हाती आली. तेव्हापासून मी नवी प्रत वेगळ्या नावाने लिहितो, एफक्लोजने काय परत केले ते तपासतो (डिस्क भरल्याचे कित्येकदा तिथेच कळते) आणि मगच नाव बदलतो. विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल, तर सीचे रीनेम हे नाव बदलणारे फंक्शन नकार देते, हे ध्यानात ठेवा.

पंचवटीकर

सर्व बदल केले. बेरीज ८८,४६४ आली. सहा गोष्टी न मिळालेल्या ओळीचा क्रमांक आता पडद्यावर छापतो. मामांच्या वहीतून उतरवलेल्या मागच्या महिन्याच्या नोंदी घातल्या, तर सातवी ओळ नाकारली गेली. वही काढून पाहिली, त्या पट्टीचा भाव मामांनी लिहिलेलाच नव्हता.