अनुदान उताऱ्यावरच्या नावाला की शेत कसणाऱ्याला?

वायंगणवाला (पेडणे): गोव्यात शेतीचे सरकारी पैसे ज्याच्या हातून पीक निघतं त्यालाच मिळावेत, असं माझं ठाम मत आहे. पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये २०१९ पासून येतात, २००० च्या तीन हप्त्यांत, पण फक्त जमीनधारक कुटुंबाला. आमच्या वाड्यावर कितीतरी शेतांचे मालक मुंबईत असतात. नांगरणी, लावणी, रानडुकरांपासून राखण करतो दुसराच, आणि हप्ता जातो मालकाच्या खात्यात. उलट काजू-नारळाचा आधारभूत दर बघा. माल सोसायटीत घालायचा, बिल घ्यायचं, बाजारभाव त्या दराखाली असेल तर फरक सरकार देतं. पिकवलं तर पैसे. भातशेतीच्या प्रत्येक योजनेला हाच नियम लावा.

कुळागर (फोंडा): साफ नामंजूर. अवकाळी पावसाने काजूचा मोहोर जळाला की बिल कसलं करणार? त्या वर्षी सहा हजारांचाच आधार असतो. शिवाय घाटापलीकडचा काजू इथल्या शेतकऱ्याच्या कृषी कार्डावर (सरकारी नोंदणीपत्रावर) खपवला, तर तो कुणी ओळखायचा?

सत्तरीकर: आमच्याकडे मालक मुंबईत नाही, मालक सरकारच आहे. मोकासोच्या, म्हणजे जुन्या इनामाच्या आणि आज सरकारच्या नावावर असलेल्या जमिनीत आजोबांनी काजू लावले, आम्ही ते राखतो, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, आमचं नाव नाही. २०२१ मध्ये आमच्या सत्तरीतल्या शेळ-मेळावलीचे लोक तिथे होणाऱ्या आयआयटीविरुद्ध उठले तेही अशी राखलेली जमीन हातची जाईल या भीतीने. आम्हाला हप्ता कुठल्या कागदावर मिळायचा? वायंगणवाला बाब, माझा तुम्हाला पाठिंबा.

बार्देशकार: मी मालकाच्या बाजूने लिहितो, कारण ती बाजू कुणी मांडत नाही. कसणाऱ्याचं नाव सरकारी कागदावर चढलं की उद्या कूळ म्हणून दावा लागेल, ही धास्ती खरी आहे. १९६४ चा कूळ कायदा आणि कुळाला जमिनीचा मालक करणारी त्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती घराघरांत माहीत आहे. त्यात उताऱ्यावर अजून पणजोबांचं नाव, वारस चार देशांत, ना हरकत दाखल्यावर सह्या कुणाकुणाच्या आणायच्या? तुमचा नियम आला तर मालक शेत कसायला देणारच नाहीत. आधीच पडीक शेतं काय कमी आहेत?

वायंगणवाला (पेडणे): बार्देशकार बाब, ही धास्ती मला मान्य आहे, म्हणून तर बोलतोय. आज सगळा व्यवहार तोंडी चालतो. पूर आला, भात आडवं झालं, तर भरपाईच्या अर्जावरही कसणाऱ्याचं नाव नसतं. एका हंगामाचा लेखी करार असावा आणि त्यावरून कूळहक्क लागत नाही हे कायद्यातच लिहावं. मालक निर्धास्त होईल, कसणाऱ्याला अनुदान, बियाणं, हार्वेस्टरची सवलत, सगळं मिळेल.

कुळागर (फोंडा): आणि कसणाऱ्याने दर जूनमध्ये मालकाच्या दारात उभं राहायचं? ज्या शेतातून केव्हाही काढतील तिथे बांध कोण घालील, शेणखत कोण टाकील? गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात कुळाला जो कायदा मिळाला, तो सहा हजारांसाठी पातळ करायला मी तयार नाही. मामलेदाराकडे कुळांचे जुने दावे पडून आहेत. ते आधी निकाली काढायला सांगा. त्यातल्या पुष्कळांची नावं उताऱ्यावर चढतील आणि हप्ताही त्यांच्याच खात्यात जाईल.

सत्तरीकर: दावे काढाच. पण मोकासोचा निकाल मामलेदाराच्या हातात नाही, त्याला विधानसभेतच कायदा लागेल. तोवर आमच्या काजूच्या बिलाला उतारा मागू नका, एवढं तरी आजच करता येईल.