रिसर्च इंटर्नशिपचे इंटरव्ह्यू: गोव्यातल्यांनो, काय विचारलं ते लिहा

फर्मागुडी, कुंकळ्ळी, झुआरीनगर, ताळगाव, कुठेही शिकत असा, मोठ्या टेक कंपनीच्या रिसर्च लॅबमधे इंटर्नशिपसाठी इंटरव्ह्यू दिला असेल तर इथे लिहा. घेतलं की नाही ते नाही सांगितलं तरी चालेल. मायक्रोसॉफ्टची रिसर्च लॅब बंगळुरूत २००५ पासून आहे, गूगलची २०१९ पासून, तरी आपल्याकडची मुलं अजून नुसतं लीटकोड (कोडिंगची कोडी सोडवायची साइट) घोटून जातात आणि तिथे वेगळंच विचारतात.

माझ्यापासून सुरू करते. माझा बीईचा प्रोजेक्ट कोंकणी बोलणं ऐकून लिहून देणाऱ्या मॉडेलचा. त्यांनी मॉडेलबद्दल फारसं विचारलंच नाही, जवळजवळ सगळा वेळ डेटावर. रेकॉर्डिंग कुणाची, टेस्टमधली माणसं ट्रेनिंगमधे पण आहेत का (आम्ही माणसं वेगळी ठेवली होती, नाहीतर ओळखीच्या आवाजांवर आकडा उगाच चांगला दिसतो), उत्तर गोव्यातल्या बार्देसची कोंकणी जास्त चुकते की दक्षिणेतल्या काणकोणची. मग म्हणाले, वर्ड एरर रेट (शब्दांमागे चुकांचं प्रमाण) १०० टक्क्यांच्या वर जाऊ शकतो का? जातो, कारण मॉडेलने नसलेले शब्द घुसडले की त्याही चुका मोजतात आणि भागायचं मात्र मूळ वाक्यातल्या शब्दांच्या संख्येनेच. हा प्रश्न मला फार आवडला, सूत्र पाठ आहे की समजलंय ते लगेच कळतं.

*

ताई, माझा तर सगळा गणितावर गेला. ट्रान्सफॉर्मरमधे (आजच्या भाषेच्या मॉडेलांची रचना) दोन व्हेक्टरांच्या डॉट प्रॉडक्टला त्यांच्या डायमेन्शनच्या वर्गमुळाने का भागतात, ते शेअर केलेल्या स्क्रीनवर काढून दाखवायला लावलं. व्हेरियन्स डायमेन्शनइतका वाढतो, मग सॉफ्टमॅक्स (आकड्यांची संभाव्यता करणारं सूत्र) एकाच टोकाला चिकटतो आणि ग्रेडियंट, ज्यावर मॉडेल शिकतं, जवळपास शून्य होतो, इथपर्यंत पोचलो. त्यानंतर त्यांच्याच टीमचा एक पेपर काढला आणि यातलं तुला काय पटलं नाही ते सांग म्हणाले. समोर लेखकच बसलेला, तरी मी बोललो की बेसलाइन (तुलनेला घेतलेलं मॉडेल) नीट ट्यून केलेली वाटत नाही, आणि पुढची सगळी चर्चा त्यावरच झाली, मला ती खरंच मनापासून आवडली.

*

मला कोडिंग पण होतं. नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) वापरून के-मीन्स, म्हणजे डेटाचे गट पाडायची पद्धत, पॉइंट्सवर लूप न लावता, आणि एखादा क्लस्टर रिकामा राहिला तर काय करशील. जुलैतला पाऊस, मधेच लाइट गेली, मोबाइलच्या नेटवर परत जोडलं, त्यांनी शांतपणे थांबून घेतलं. पावसाळ्यात इंटरव्ह्यू असेल तर फोन फुल्ल चार्ज ठेवाच.

*

माझं नाही झालं. पण एक सांगतो, शेवटी तुला काही विचारायचंय का म्हणतात ना, तेव्हा गप्प बसू नका. मेंटॉर कोण, प्रोजेक्ट आधीच ठरलाय की आपण सुचवायचा, पेपर छापायला कंपनीची परवानगी कशी मिळते, हे तिथेच विचारा. आणि कॉलेजची एनओसी आधी बघून ठेवा, त्यांना सलग सहा महिने हवे असले आणि आपल्याला मधे सेमिस्टर असलं की जमलेलं पण फिसकटतं.

*

एमएस्सीवाल्यांना बोलावतात काय? मी स्टॅटिस्टिक्सची आहे, ताळगावला.

*

बोलावतात गो, माझ्यासोबत एक मॅथ्सची होती. रेझ्युमेत प्रोजेक्ट वर घाल, मार्क खाली.