प्रश्न केवळ दिसण्याचा नाही

माध्यमांतील स्त्रियांच्या प्रतिमांचा मुलींवर काय परिणाम होतो, या चर्चेत एक मत असे मांडले गेले की, जाहिरातींतील चित्रे बनावट असतात हे मुलींना कळते, त्यामुळे दुष्परिणामांची भीती अवाजवी आहे. ते मला पटत नाही. फिजीच्या नाद्रोगा भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. तेथे भरदार बांध्याला पूर्वापार मान होता, तरीही संशोधक ॲन बेकर यांच्या पाहणीत वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण तीन वर्षांत शून्यावरून ११.३ टक्क्यांवर गेले. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि गट लहान होते, हे खरे. पण मालिकांतील स्त्रियांसारखे व्हावेसे वाटते, असे त्या मुलींनीच सांगितले होते. कळणे आणि मनावर न घेणे या भिन्न गोष्टी आहेत.

मुलींच्या महत्त्वाकांक्षेचा मुद्दा तर चर्चेत आलाच नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘अतिशय हुशार’ व्यक्ती म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलींनी स्त्रीला निवडण्याचे प्रमाण पाच वर्षांच्या मुलींपेक्षा कमी आढळले. याचे खापर एकट्या माध्यमांवर फोडता येणार नाही. मात्र पडद्यावरची शास्त्रज्ञ स्त्रीही जेव्हा प्रामुख्याने नायकाची प्रेयसी म्हणूनच उरते, तेव्हा त्या वयातील शंकेला दुजोराच मिळतो.