'निकोटिन सॉल्ट'ला मराठीत क्षार म्हणावं का?

होटगीरोड:
इंग्लंडमधल्या एका माहितीपत्रकाचं मराठी चाललंय. तिकडच्या मराठी ज्येष्ठांपैकी जे सिगारेट सोडून व्हेपकडे वळतात, त्यांच्यासाठी. (आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, साठा, जाहिरात सगळंच बंद आहे, तो वाद इथे नको.) बाटलीतल्या द्रवात निकोटिन दोन रूपांत येतं, 'फ्रीबेस' आणि 'सॉल्ट'. मी 'मुक्त आम्लारी' आणि 'निकोटिन क्षार' लिहिलं. तपासनिसांनी 'क्षार' खोडून 'लवण' केलंय. कोण बरोबर?

आम्लपित्त:
क्षारच. शाळेच्या पुस्तकात आम्ल, आम्लारी, क्षार हीच त्रयी आहे. लवण हिंदी पुस्तकांतलं. आपल्याकडे ते लवणभास्कर चूर्णाच्या डबीवर भेटतं, तिथेच राहू द्या.

पापडखार:
पुस्तकापुरतं ठीक. स्वयंपाकघरात 'खार' म्हणजे काय? पापडखार, सज्जीखार. दोन्ही आम्ल मारणारे, म्हणजे तुमच्या भाषेत आम्लारी! आयुर्वेदातला क्षारही राखेतून काढलेला, जाळणारा. म्हणजे साठीच्या माणसाला 'निकोटिन क्षार' म्हटलं की तो नेमकं उलटं रूप धरून बसणार, घशाला झोंबणारं. आणि सॉल्ट तर झोंबू नये म्हणूनच बनवलेलं.

उप्पुकारम:
त्यात आपलं तीन भाषांचं सोलापूर धरा. कन्नडमध्ये खार म्हणजे तिखट, तेलुगूत कारम म्हणजे तिखट, दोन्ही क्षारातूनच आलेले. मिठाला दोन्हीकडे उप्पु. एकाच गल्लीत एका शब्दाची तीन तोंडं.

चोपण:
जमिनीतही हाच घोळ. मीठ फुटलेली जमीन आणि चोपण जमीन वेगळ्या, लोक दोन्हींना 'खारवट' म्हणून मोकळे होतात. बोअरच्या पाण्याने भांड्याला धरतो तो थरही क्षारच. काम अडतंय का कुणाचं?

पापडखार:
अडतं ना. मीठ फुटलेल्या जमिनीला चर काढून, पाणी देऊन मीठ धुवून काढतात. चोपणीत जिप्सम न घालता नुसतं गोडं पाणी सोडलं तर माती आणखी चिकट होऊन बसते, पाणी मुरतच नाही. शब्द एक, इलाज उलटे.

चुनाडबी:
अहो, फ्रीबेसला शब्द कसले शोधता? ती क्रिया तळहातावर रोज होते. तंबाखूच्या पानात निकोटिन मॅलिक, सायट्रिक अशा आम्लांनी बांधलेलं असतं. चुना लावून मळलं की सुटतं, आणि सुटं निकोटिन गालाच्या आतून लवकर शिरतं. बिनचुन्याची 'लागत नाही' म्हणतात ते यामुळे. तेव्हा 'सुटं निकोटिन' आणि 'बांधलेलं निकोटिन' लिहा. व्हेपचं सॉल्ट म्हणजे सुट्या निकोटिनला बहुधा बेन्झॉइक आम्लाने पुन्हा बांधलेलं. विषय संपला.

आम्लपित्त:
संपला कसला! 'बांधलेलं' वाचून माणसाला वाटेल की ते बाटलीतच बसतं, अंगात जात नाही. उलट आहे. घशाला लागत नाही म्हणून जास्त तीव्रतेचं सहज ओढलं जातं आणि रक्तात झपाट्याने चढतं.

होटगीरोड:
पुढचीच ओळ ती आहे. 'स्मूद'ला मी 'सौम्य' लिहिलंय.

आम्लपित्त:
ते आधी खोडा. क्षार-लवण चुकलं तर फार तर हसू होईल, सौम्य चुकलं तर माणूस ओकेल. तंबाखूवाल्याच्या तोंडी 'कडक' शब्दात घशाचा ठसका आणि निकोटिनची मात्रा एकत्र असतात, कारण विडीत ती जोडीनेच येतात. इथे ती फुटतात. मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही ब्रिटनमधली कायदेशीर कमाल. ती सॉल्टमध्ये सहज ओढवते, फ्रीबेसमध्ये तेवढीच घसा सोलते. अमेरिकेत २०१५ साली 'जूल' नावाचं व्हेप ५९ मिलिग्रॅमवर विकलं गेलं, ते सॉल्टमुळेच ओढवलं. 'घशाला कमी लागतं, निकोटिन कमी नसतं' असं सरळ लिहा.
आणि साधनाचं लिहायला विसरू नका. सॉल्ट लहान पॉडसाठी, म्हणजे द्रवाची छोटी कुपी बसवलेल्या व्हेपसाठी: कॉइल (द्रव तापवणारी तार) १ ओहम किंवा वर, १०-१५ वॅट, झुरका छोटा. तेच २० मिलिग्रॅमचं द्रव ०.२ ओहमच्या मोठ्या टाकीत ६० वॅटवर घातलं तर एका झुरक्यात कितीतरी पट द्रव उडतं. मग मळमळ, घाम, गरगर. तिथे ३ मिलिग्रॅमचं फ्रीबेस लागतं.

पापडखार:
उलटही फसतं. मोठ्या टाकीचं दाट द्रव, सत्तर टक्के ग्लिसरीन, पॉडमध्ये भरलं की वातीत चढत नाही. तूप थिजलेल्या निरांजनासारखं. कापूस कोरडा पडतो, करपतो, पुढचा झुरका जळका. पॉडला ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल निम्मं निम्मं बरं. नवी कॉइल घातली की भरून दहा मिनिटं थांबायचं, मग ओढायचं. 'विक'ला 'वात' लिहा, त्यावर तरी भांडण नको. फार गोड द्रवाने कॉइलवर थर बसतो, त्याला 'काजळी'.

चोपण:
काजळी धुराची. हा साखरेसारखा करपलेला थर आहे, 'खरपुडी' म्हणा.

होटगीरोड:
'निकोटिन शॉट'ला 'घोट' केलंय. चालेल?

आम्लपित्त:
देवा! प्यायचं नसतं ते, पोटात गेलं तर विषबाधा होते. ती १० मिलिलिटरची जोडबाटली. ६० मिलिलिटरच्या बाटलीत बिननिकोटिनचं द्रव ५० असतं, वर मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिनची एक जोडबाटली ओतली की ३ मिलिग्रॅमचं तयार. हातावर सांडलं तर लगेच धुवायचं, बाटली पोरांच्या हाती लागू द्यायची नाही.

उप्पुकारम:
जोडबाटली छान. 'व्हेपिंग'चं मात्र 'वाफ घेणं' करू नका. सर्दीला वाफारा घेतात, औषध वाटेल. 'ओढणं'च बरं. विडी ओढतात, तपकीर ओढतात, हेही ओढतात.

चुनाडबी:
आणि ती वाफ नव्हेच, बारीक थेंबांचं धुकं आहे.

चोपण:
मग 'धुकं ओढणं'? डिसेंबरात होटगी रोडला सगळेच ओढतात.

चुनाडबी:
मस्करी सोडा. चुना संस्कृत चूर्णातला, कन्नडचा सुण्णा आणि तेलुगूचं सुन्नमही तिथलंच. हे कुणाला मान्य नसेल तर आत्ताच बोला.

उप्पुकारम:
नाही मान्य. भिंतीला लावायला चुना लागत होता, तेव्हा माणसं काय संस्कृतची वाट बघत बसली होती?

होटगीरोड:
मंडळी, मूळ ओळ अजून रिकामी आहे. आज पाठवायचंय, तोवर नुसतं 'सॉल्ट' ठेवतोय.

पापडखार:
सॉल्ट? साल्ट लिहा. आपल्याकडे सॉल्ट कोण म्हणतं?