मदत हवी आहे: तेर ते पैठण, बैलगाड्या बालाघाटाचा डोंगर कुठून उतरत असतील?

सातवाहन काळातल्या तीन लघुकादंबऱ्यांचा संग्रह लिहितोय. दोन झाल्या, तिसरी घाटात अडकली आहे. कापडाच्या गाठी लादलेला तांडा तेरहून (धाराशिव जिल्हा) पैठणला आणि तिथून गुजरातेतल्या भरूच बंदराला निघतो. काळ इ.स. पहिलं शतक.

‘पेरिप्लस’ हे त्या काळातलं ग्रीक प्रवासवर्णन वाचलं. त्यात भरूच ते पैठण वीस दिवस, पैठण ते तेर दहा दिवस, आणि रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांनी माल येतो, एवढंच. तेरचं लामतुरे संग्रहालय दोनदा पाहिलं. मणी, हस्तिदंती बाहुली, सगळं डोळे भरून, पण वाटेचा प्रश्न तिथं सुटणारा नव्हता. मोबाईलचा नकाशा तर थेट हायवेवरच नेऊन घालतो.

दिवाळीनंतरचा प्रवास धरलाय, म्हणजे मांजरा, सिंदफणा, गोदावरी उताराने पार होतील. अडचण नदीची नाही, घाटाची आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा पुरावा मागत नाही. डांबरी रस्ता होण्याआधीची, आजा-पणज्यांच्या तोंडची गाडीवाट कळली तरी पुरे. ‘कादंबरीच आहे, काहीही लिहा’ असं कृपया सांगू नका. बीडचा वाचक पहिल्याच पानावर पकडेल.

तर केज, पाटोदा, बीडकडच्या मंडळींनो, भरल्या गाड्या मांजरसुंब्याकडूनच उतरायच्या, की दुसरी सोपी उतरण होती? आणि उतारावर गाडी आवरायला मागं लाकडाचा ओंडका बांधून ओढत नेत, की आणखी काही युक्ती होती?